पाच विहिरींचे आलेख एकाच अक्षांवर मांडताना

सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात, ज्या गावातील माध्यमिक शाळेत मी गणित शिकवते, तेथे १ जून २०२२ पासून पाच विहिरींची पाणीपातळी नियमितपणे मोजली जाते. देवळाची, शाळेमागची, मळ्यातील, ओढ्याकाठची आणि माळावरची अशी त्या विहिरींची गावातील नावे आहेत. नववीची मुले टोकाला वजन बांधलेला टेप विहिरीत सोडतात, काठापासून पाण्यापर्यंतची खोली सेंटिमीटरमध्ये वाचतात आणि वहीत लिहितात. पावसाळ्यात ही मोजणी आठवड्यातून दोनदा होते, एरवी एकदा. शाळेच्या अंगणात साधे पर्जन्यमापक आहे आणि त्याची नोंद रोज सकाळी साडेआठ वाजता घेतली जाते. दोन वर्षांत तीन वह्या भरल्यानंतर हे आकडे ग्रामसभेपुढे ठेवावेत असे ठरले, तेव्हा आलेख काढण्याचे काम मी अंगावर घेतले. पाचही विहिरींच्या रेषा एकाच अक्षांवर याव्यात आणि त्यांच्यासोबत पाऊसही दिसावा, एवढीच अपेक्षा होती. दोन-तीन संध्याकाळी पुरतील असे मी धरले होते. प्रत्यक्षात पाच आठवडे लागले आणि त्यातील बराचसा वेळ संगणकापुढे नव्हे, तर विहिरींच्या काठांवर गेला. अनेक आलेख एका अक्षावर मांडणे म्हणजे त्या सर्व मोजण्या एकमेकींशी ताडून पाहता येण्याजोग्या आहेत असे विधान करणे होय, आणि ते विधान खरे करण्याचे काम सॉफ्टवेअर आपल्यासाठी करत नाही, हे मला या पाच आठवड्यांत समजले.

शाळेच्या संगणकावर लिबरऑफिस आहे, म्हणून सुरुवात त्यातील कॅल्क या आकड्यांचे तक्ते करण्याच्या प्रोग्रामपासून केली. दहावीच्या दोन मुलींनी वह्या वाचून दाखवल्या आणि मी आकडे भरत गेले. पहिल्या स्तंभात तारीख, पुढच्या पाच स्तंभांत पाच विहिरींची खोली सेंटिमीटरमध्ये, आणि त्याला लागून आणखी पाच स्तंभांत तीच खोली शंभराने भागून मीटरमध्ये. सगळे आकडे निवडून रेषालेख काढला, तेव्हा पडद्यावर आलेल्या रेषा पाहून मन घट्ट करावे लागले. जूनमधील काही मोजण्या जानेवारीच्या शेजारी गेल्या होत्या, काही महिन्यांत बिंदूंची दाटी झाली होती आणि काही महिने जवळजवळ रिकामे होते.

दोष कोठे आहे ते तारखांच्या स्तंभाकडे नीट पाहिल्यावर दिसले. काही तारखा चौकटीच्या उजव्या कडेला टेकल्या होत्या आणि काही डाव्या. कॅल्क आकड्यांना आणि तारखांना उजवीकडे ठेवते, तर मजकुराला डावीकडे. आमच्या संगणकावर भाषेची निवड अमेरिकन इंग्रजी अशी होती, त्यामुळे ५/६/२२ ही ५ जून आमच्यासाठी असली तरी संगणकासाठी ती ६ मे होती. १३/६/२२ मध्ये मात्र तेरावा महिनाच नसल्यामुळे ती तारीख म्हणून स्वीकारली न जाता मजकूर म्हणून ठेवली गेली. म्हणजे प्रत्येक महिन्यातील पहिल्या बारा दिवसांच्या तारखा उलटसुलट झाल्या होत्या आणि उरलेल्या तारखा तारखा राहिल्याच नव्हत्या. यातील मजकूर झालेल्या तारखा तरी डाव्या कडेला सरकून स्वतःची खूण देतात. उलटलेल्या तारखा मात्र उजव्या कडेला अगदी व्यवस्थित बसलेल्या असतात. आम्ही सगळ्या तारखा वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, म्हणजे २०२२-०६-०५ अशा पद्धतीने, पुन्हा भरल्या. या क्रमाचा अर्थ कोणत्याही भाषानिवडीत बदलत नाही, म्हणून तेव्हापासून शाळेतील वहीतही मुले तारीख अशीच लिहितात.

तारखा सुधारल्यावर रेषा जागेवर आल्या, पण माळावरच्या विहिरीची रेषा तीन ठिकाणी एकदम शून्यावर जाऊन परत येत होती. माळावरची विहीर गावापासून दूर आहे आणि जोराच्या पावसात मुलांना तेथे पाठवत नाहीत, त्यामुळे त्या दिवशी वहीत जागा कोरी होती. कोरी चौकट शंभराने भागली की उत्तर शून्य येते. खोलीच्या आलेखात शून्याचा अर्थ पाणी काठाला लागले असा होतो. न मोजलेली विहीर आलेखात काठोकाठ भरलेली दिसत होती, आणि तीही नेमकी जोराच्या पावसाच्या दिवशी, म्हणजे पाहणाऱ्याला सहज खरी वाटेल अशा वेळी. कोरी चौकट असेल तर उत्तरही कोरेच राहील असे सूत्र लिहिले आणि रिकाम्या जागी रेषा तुटलेली ठेवावी असा पर्याय निवडला. मुलांना ती तुटलेली रेषा आवडली नाही, कारण काहीतरी चुकल्यासारखी दिसते. मी ती तशीच ठेवली, कारण आम्ही मोजले नाही ही गोष्टही आलेखात दिसली पाहिजे.

पावसाच्या बाबतीत मात्र कॅल्कची मर्यादा आड आली. पाऊस उभ्या स्तंभांनी दाखवायचा होता आणि विहिरींची पातळी रेषांनी. स्तंभ आणि रेषा एकत्र काढण्याची सोय कॅल्कमध्ये आहे, परंतु तीत सर्व मालिकांना एकच तारखांची यादी लागते; पाऊस रोजचा आणि विहिरी आठवड्याच्या, अशी आमची स्थिती होती. प्रत्येक मालिकेला स्वतःच्या तारखा देता येतील असा विकिरण आलेखाचा प्रकार तेथे आहे, पण त्यात उभे स्तंभ मिसळता येत नाहीत. शेवटी मी महाविद्यालयात असताना वापरलेल्या ग्नूप्लॉट या आलेख काढणाऱ्या प्रोग्रामकडे वळले. थॉमस विल्यम्स आणि कॉलिन केली यांनी १९८६ मध्ये सुरू केलेला हा प्रोग्राम विनामूल्य मिळतो, विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालतो, आणि नावात ग्नू असले तरी ग्नू या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पाशी त्याचा संबंध नाही. त्यात माऊसने काही ओढायचे नसते. आज्ञा एका साध्या मजकूर-फाइलमध्ये लिहायच्या आणि ती फाइल चालवायची. सुरुवातीला हे अवघड वाटते, पण एकदा लिहिलेली आज्ञा कायम राहते. आकडा बदलला, विहीर वाढली, कागदाचा आकार बदलला, तरी तीच फाइल पुन्हा चालवली की संपूर्ण आलेख नव्याने तयार होतो. पुढील आठवड्यांत मी तो आलेख साठ-सत्तर वेळा तरी काढला असेल; इतक्या वेळा तो माऊसने सजवणे माझ्याच्याने झाले नसते.

देवनागरीचा प्रश्न लगेच समोर आला. पहिल्या चित्रात ‘विहीर’ या शब्दातील पहिली वेलांटी ‘व’च्या डावीकडे न येता उजवीकडे येऊन पडली होती आणि ‘आर्द्रा’ची अक्षरे सुटी होऊन त्यांच्यामध्ये हलन्त दिसत होते. ग्नूप्लॉट चित्र तयार करण्यासाठी निरनिराळी साधने वापरू शकतो आणि त्याला तो टर्मिनल म्हणतो. साधे पीएनजी टर्मिनल अक्षरे एकामागून एक ठेवत जाते, तर कैरो हे चित्रे काढणारे साधन जोडलेले पीएनजी टर्मिनल अक्षरांची जुळणी करून शब्द काढते. टर्मिनल बदलले, लिपीची सांकेतिक पद्धत यूटीएफ-८ ठेवली, नोटो सान्स देवनागरी हा फाँट दिला, आणि ‘आर्द्रा’ वहीतल्यासारखी उमटली. ज्या लोकांसाठी आलेख काढायचा त्यांना तो वाचता येणार नसेल तर पुढचे काम करण्यात अर्थ नव्हता, म्हणून मी यासाठी एक पूर्ण दिवस दिला.

आता पाचही रेषा एका चौकटीत आल्या. उभा अक्ष काठापासूनची खोली दाखवत होता आणि पाणी वर असेल तर रेषाही वर दिसावी म्हणून तो उलटा, म्हणजे वर ० आणि खाली १४ मीटर असा धरला होता. ऑक्टोबर २०२२ मध्ये ओढ्याकाठची रेषा सर्वांत वर होती, २.०० मीटरवर. मळ्यातील ३.२०, देवळाची ५.५०, शाळेमागची ५.८० आणि सर्वांत खाली माळावरची, ८.६० मीटरवर. चित्र स्वच्छ होते, रंग वेगवेगळे होते, आणि पाहणारा कोणीही म्हणाला असता की ओढ्याकाठी पाणी सर्वांत उंच आहे आणि माळावर सर्वांत खाली. मीही दोन दिवस तेच समजून चालले होते.

शंका आली ती आडव्या रेषेमुळे. खोली वाचणे सोपे जावे म्हणून मी ५ मीटरवर एक फिकट आडवी रेषा काढली होती आणि ती पाचही आलेखांतून जात होती. वर्गात मी मुलांना नेहमी सांगते की आडव्या रेषेवरील सर्व बिंदूंचा य-निर्देशक समान असतो. येथे काय समान होते? माळाच्या काठापासून ५ मीटर आणि ओढ्याच्या काठापासून ५ मीटर यांत आकड्याखेरीज काहीच समान नव्हते, कारण माळ ओढ्यापेक्षा कितीतरी उंच आहे. माझ्या चौकटीत उभा अक्ष एकच छापलेला असला तरी प्रत्यक्षात पाच वेगवेगळे अक्ष होते, आणि प्रत्येकाचा शून्य आपापल्या विहिरीच्या काठावर होता. ग्नूप्लॉटने ते निमूटपणे एकावर एक ठेवले, कारण त्याच्यापुढे केवळ आकडे होते.

मग संगणक बंद करून आम्ही पाचही काठांची उंची मोजायला निघालो. बांधकामावर गवंडी पातळी पाहण्यासाठी पाणी भरलेली जी पारदर्शक नळी वापरतात, तीच २० मीटर लांबीची नळी आणि सेंटिमीटरच्या खुणा केलेल्या दोन लाकडी पट्ट्या आम्ही घेतल्या. नळीच्या दोन्ही टोकांतील पाणी एकाच पातळीवर राहते; दोन पट्ट्यांवरील वाचनांतील फरक म्हणजे त्या दोन जागांच्या उंचीतील फरक. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर वाचन चुकते, म्हणून प्रत्येक वेळी नळी बोटांनी टिचकावून बुडबुडा वर काढावा लागत असे. देवळाची पहिली पायरी १००.०० मीटर उंचीवर आहे असे आम्ही मानले, कारण ती पायरी दगडी आहे, हलणार नाही, आणि सर्वांना माहीत आहे. तेथून टप्प्याटप्प्याने माळावर, मग मळ्यात, ओढ्याकाठी आणि शाळेमागून परत पायरीवर येईपर्यंत तीन रविवार गेले. परत आलो तेव्हा पायरीची उंची १००.०३ निघाली. एवढ्या टप्प्यांनंतर तीन सेंटिमीटरची चूक मला मान्य करण्यासारखी वाटली. देवळाच्या विहिरीचा काठ ९९.६२, शाळेमागचा ९८.३५, मळ्यातील ९५.८०, ओढ्याकाठचा ९२.१५ आणि माळावरचा १०३.४० मीटर असे आकडे मिळाले.

ग्नूप्लॉटमध्ये स्तंभातील आकडा आहे तसाच न घेता त्यावर बेरीज-वजाबाकी करून घेता येतो. खोलीऐवजी ‘काठाची उंची वजा खोली’ असे लिहिले आणि फाइल चालवली. त्या क्षणी पडद्यावर जे बदलले ते मी विसरणार नाही. माळावरची रेषा सर्वांत खालून उठून सर्वांत वर, ९४.८० मीटरवर गेली. ओढ्याकाठची सर्वांत वरून तळाला, ९०.१५ वर आली. पाणी माळाकडून ओढ्याकडे उतरत आहे, हे आता रेषांच्या क्रमातच दिसत होते. आणि ज्या दोन रेषा आधी २.६० मीटर अंतराने वेगळ्या चालत होत्या, त्या मळ्यातील आणि शाळेमागच्या विहिरींच्या रेषा ९२.६० आणि ९२.५५ वर जवळजवळ एकमेकींत मिसळल्या. जून ते मे, दोन्ही वर्षे, एकत्र चढत होत्या आणि एकत्र उतरत होत्या. या दोन विहिरींचे पाणी एकच आहे असे मळ्यातील लोक पूर्वीपासून म्हणत. शाळेमागच्या विहिरीवर पंप सुरू झाला की आमचे पाणी खाली जाते, ही त्यांची तक्रारही जुनी आहे. आलेखाने ती तक्रार सिद्ध झाली असे मी म्हणणार नाही, कारण त्यासाठी पंपाच्या वेळा नोंदवून मोजणी करावी लागेल. पण ती ऐकून न घेण्याचे कारण मात्र उरले नाही.

याउलट देवळाची विहीर शाळेमागच्या विहिरीपासून जेमतेम ६० मीटरवर असूनही तिची रेषा वेगळी चालत होती. ऑक्टोबरमध्ये ती ९४.१२ वर, म्हणजे दीड मीटरहून अधिक उंच होती, आणि मेपर्यंत शाळेमागची पातळी सुमारे ८६ पर्यंत घसरली तरी देवळाची ९१.९० वर टिकून होती. उन्हाळ्यात शाळेमागच्या विहिरीत वाकून पाहिले की काठापासून सात मीटरवर गेरूचा तांबडा पट्टा दिसतो. आपल्याकडे बेसाल्टचे थर एकावर एक आहेत आणि दोन थरांच्या मध्ये असा मातकट लाल पट्टा अनेक ठिकाणी आढळतो. तो पाणी सहजासहजी खाली जाऊ देत नाही. काठ ९८.३५ वर म्हणजे पट्टा ९१.३५ वर आला. देवळाची विहीर आठ मीटर खोल आहे, तिचा तळ ९१.६२ वर, म्हणजे पट्ट्याच्या किंचित वरच थांबतो. देवळाच्या विहिरीत पट्ट्याच्या वरचे अडलेले पाणी असावे आणि शाळेमागची विहीर तो पट्टा फोडून खालच्या थरात गेली असावी, असा माझा तर्क आहे. शाळेमागच्या विहिरीच्या भिंतीवर, नेमक्या त्या पट्ट्याच्या वरच्या अंगाला, मे महिन्यातही ओल असते आणि तेथे शेवाळाची हिरवी रेघ टिकून राहते. मी आलेखावर ९१.३५ मीटरवर एक तांबडी आडवी रेषा काढली. आता ती रेषा आडवी असण्याला अर्थ होता, निदान त्या ६० मीटरच्या टापूत.

पाऊस जोडण्याचा मार्ग निवडताना मी एकदा मत बदलले. डावीकडे पातळी आणि उजवीकडे मिलिमीटर असे दोन उभे अक्ष एकाच चौकटीत घेणे ग्नूप्लॉटमध्ये सोपे आहे, आणि माझा पहिला आलेख तसाच होता. तो दिसायलाही भरगच्च होता. परंतु उजव्या अक्षाची मर्यादा १०० वरून १५० केली की पावसाचे स्तंभ विहिरींच्या रेषांपासून दूर जात आणि ८० केली की रेषांना येऊन भिडत. म्हणजे पाऊस आणि पाणी यांची जवळीक मी ठरवत होते. डाव्या आणि उजव्या अक्षांना जोडणारे कोणतेही नाते नसताना त्यांच्या रेषा कोठे छेदतात याला काहीच अर्थ नसतो, तरीही डोळा प्रथम छेदनबिंदूच पाहतो. म्हणून मी दोन चौकटी एकावर एक घेतल्या, वर पाऊस आणि खाली पाच विहिरी, आणि तारखांचा आडवा अक्ष मात्र दोघींना एकच ठेवला.

तो एकच ठेवणेही आपोआप होत नाही. मल्टिप्लॉटची, म्हणजे एका चित्रात अनेक चौकटी काढण्याची, आज्ञा दिली की चौकटी एकाखाली एक येतात, पण प्रत्येक चौकट आपल्या आडव्या अक्षाची मर्यादा आपल्या आकड्यांवरून ठरवते. आमचे पर्जन्यमापक १८ जून २०२२ ला बसले आणि विहिरींची मोजणी १ जूनला सुरू झाली, त्यामुळे वरची चौकट उशिरा सुरू होऊन तेवढ्याच रुंदीत ताणली गेली होती. दोन्हींना १ जून २०२२ ते ३१ मे २०२४ अशी मर्यादा लिहून दिली. त्यानंतरही स्तंभ आणि रेषांचे चढ बारीकसे सरकलेले दिसत होते. कारण लहान होते, पण शोधायला संध्याकाळ गेली. वरच्या अक्षावर ‘५०’, ‘१००’ असे आकडे होते आणि खाली ‘९२.५०’ असे, लांब आकड्यांना जागा करून देण्यासाठी खालची चौकट उजवीकडे सरकत होती. दोन्ही चौकटींचा डावा आणि उजवा समास पडद्याच्या मापात पक्का केला आणि मग एक उभी फूटपट्टी पडद्यावर धरली तरी दोन्हींत एकच तारीख सापडू लागली.

तरीही एक चूक राहिली होती आणि ती मला दिसली नाही. पूर्वी ज्यांची मोट ओढ्याकाठच्या विहिरीवर चालत असे ते नाना कच्ची प्रत पाहायला शाळेत आले. त्यांनी सप्टेंबर २०२२ वर बोट ठेवले. ओढ्याकाठची रेषा १४ तारखेला चढलेली होती आणि पावसाचा उंच स्तंभ १५ वर उभा होता. “बाई, पाण्याच्या आधी पाऊस पायजे का पावसाच्या आधी पाणी?” असे त्यांनी विचारले, आणि मग शांतपणे सांगितले की तो पाऊस पंधराला नव्हे, चौदाच्या दुपारी पडला. त्यांची आठवण बरोबर होती आणि आमची नोंदही चुकीची नव्हती. भारतीय हवामान विभागाच्या रीतीप्रमाणे सकाळी साडेआठला मोजलेला पाऊस हा मागील चोवीस तासांचा असतो आणि तो मोजणीच्या दिवसावर लिहिला जातो. १४ ला दुपारी पडलेला पाऊस म्हणूनच १५ च्या ओळीत होता. विहिरी मात्र मुले शाळा सुटल्यावर, संध्याकाळी मोजत होती आणि त्या दिवशीचीच तारीख लिहीत होती.

उपाय आज्ञांच्या फाइलमध्येच करता आला. तारखेसोबत वेळ नसेल तर ग्नूप्लॉट ती मध्यरात्र धरतो. १४ च्या साडेआठपासून १५ च्या साडेआठपर्यंतच्या कालखंडाचा मध्य १४ च्या रात्री साडेआठ वाजता येतो, म्हणजे १५ च्या मध्यरात्रीच्या साडेतीन तास, अर्थात १२६०० सेकंद आधी. प्रत्येक पावसाच्या तारखेतून १२६०० सेकंद वजा केले आणि स्तंभाची रुंदी ८६४०० सेकंद, म्हणजे बरोबर एक दिवस ठेवली. आता प्रत्येक स्तंभ ज्या चोवीस तासांचा पाऊस दाखवतो तेवढ्याच चोवीस तासांवर उभा राहतो. विहिरींच्या आकड्यांना मी मोजणीची वेळ जोडली. पुढच्या आठवड्यात नाना पुन्हा आले, तेव्हा त्यांनी तीच जागा पाहिली आणि काही न बोलता पुढचा महिना वाचायला घेतला.

रेषा सुबक दिसाव्यात म्हणून बिंदूंमधून वळणदार रेषा नेण्याचा प्रयत्नही एकदा केला होता. जोराच्या पावसानंतर ओढ्याकाठच्या विहिरीची वळणदार रेषा काठाच्या वर, ९२.१५ च्या पलीकडे गेली आणि परत खाली आली. विहीर त्या दिवशी ओसंडली नव्हती. वळण राखण्यासाठी गणिताने काढलेली ती उंची होती, म्हणून मी सरळ रेषांवर परतले आणि प्रत्येक मोजणीचा बिंदू ठळक ठेवला. छपाईसाठी रंगही सोडून दिले, कारण तालुक्याला झेरॉक्स काढल्यावर पाचही रंगांची एकच राखाडी छटा झाली. गोल, चौकोन, त्रिकोण अशा खुणा आणि रेषेच्या टोकाशीच विहिरीचे नाव हे पुरेसे होते.

शेवटचा आलेख दोन वर्षांच्या तुलनेचा होता, आणि तो ग्रामसभेत सर्वांत अधिक पाहिला गेला. दोन वर्षे एकाच आडव्या अक्षावर आणायची तर तारीख चालत नाही. १ जूनपासूनचे दिवस मोजावे लागतात. १ जून हा शून्य दिवस धरला की १ मार्च २०२३ हा २७३ वा दिवस येतो आणि १ मार्च २०२४ हा २७४ वा, कारण २०२४ च्या फेब्रुवारीत २९ दिवस होते. एका दिवसाच्या या फरकाने आठवड्याच्या मोजणीत काही बिघडत नाही, पण तो कोठून आला हे मी फाइलमध्ये लिहून ठेवले. आडव्या अक्षावर मात्र दिवसांचे आकडे ठेवले नाहीत. सूर्यनक्षत्रांच्या तारखा दरवर्षी एखाद्या दिवसाच्या फरकाने त्याच येतात, त्यामुळे दोन वर्षांना सामाईक असा, गावाला आधीच पाठ असलेला अक्ष तयारच होता. ८ जूनला मृग, २२ जूनला आर्द्रा, मग पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा, ३ ऑगस्टला आश्लेषा, १७ ला मघा, आणि पुढे चित्रापर्यंत. ग्नूप्लॉट अक्षावरील खुणांना हवे ते नाव देऊ देतो.

या अक्षावर २०२३ ची रेषा पुष्यापर्यंत २०२२ च्या मागोमाग, थोडी खालून चालली होती. आश्लेषा आणि मघा या दोन नक्षत्रांत वरची चौकट जवळजवळ कोरी होती, आणि खाली शाळेमागच्या विहिरीची रेषा चढण्याऐवजी आडवी झाली होती. ऑगस्ट २०२३ हा देशभरात १९०१ पासूनच्या नोंदींतील सर्वांत कोरडा ऑगस्ट होता. आमच्या पाच विहिरींत तो असा दिसतो. उत्तरा आणि हस्तात पाऊस आला, पण तोपर्यंत दोन वर्षांच्या रेषांमध्ये जे अंतर पडले ते मेपर्यंत मिटले नाही. सभेत मागे बसलेल्या बायकांपैकी एकीने उठून विचारले की देवळाच्या विहिरीच्या दोन रेषा एवढ्या जवळ का आहेत, आणि मग तांबड्या रेषेविषयी अर्धा तास बोलणे झाले. त्या विहिरीचा तळ आणखी खोल करावा असा एक प्रस्ताव गावात होता. पट्टा फुटला तर अडलेले पाणी खाली उतरून जाईल का, हा प्रश्न आधी भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या तज्ज्ञांना विचारावा असे सभेने ठरवले आणि तो प्रस्ताव तूर्त बाजूला ठेवला.

मोजणी चालूच आहे आणि तीच फाइल दर महिन्याला चालवली जाते. गेल्या दिवाळीनंतर ओढ्याकाठच्या विहिरीची रेषा पाऊस नसताना एकदम ४५ सेंटिमीटर खाली उतरली. मुलांनी मोजणी पुन्हा केली, आकडा तोच आला. मी जाऊन पाहिले तेव्हा विहिरीचा काठ नव्याने बांधलेला होता. गुरे पडू नयेत म्हणून दगडाचे दोन थर वाढवले होते आणि सिमेंट अजून ओलसर होते. आम्ही नळी आणि पट्ट्या घेऊन पायरीपासून तेथपर्यंतची उंची पुन्हा काढली. आता फाइलमध्ये ओढ्याकाठच्या विहिरीसाठी दोन ओळी आहेत. काठ बांधला त्या दिवसापर्यंत ९२.१५, आणि त्यानंतर ९२.६०.